बांधावर चाक नको

माझं माहेर धरमतरच्या खाडीकाठचं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात, आणि मधे आजा-पणजांनी चिखलाचे गड्डे एकावर एक रचून उभा केलेला बांध. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आमच्या भातापेक्षा उंच उभं राहतं. नवखा माणूस ते बघून दोन पावलं मागे सरतो. आम्ही त्याच बांधाला पाठ टेकून भाकरी खायचो.

बांध फुटून जिथून पाणी आत घुसतं त्या भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड पडली की ते पीक गेलं, आणि पुढचे तीन पावसाळेही गेले, कारण जमिनीत मुरलेलं मीठ धुऊन निघायला तेवढे लागतातच. म्हणून गावाचे दोन नियम होते. धोक्याचा डबा वाजला की घरटी एक माणूस पाटी घेऊन बांधावर. आणि दुसरा, बांधावर चाक नको. बैलगाडी नको, पुढे सायकल आली तर सायकलही हातात धरून. चाक चाकोरी पाडतं, चाकोरीत पाणी बसतं, आणि बसलेलं पाणी काही स्वस्थ बसत नाही.

एकोणीस वर्षांची मी या दोन्ही नियमांना कंटाळले होते. त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला मी आता ‘बया’च म्हणते, कारण तिच्याशी माझं फारसं पटत नाही. डबा वाजला की बयेच्या पोटात दुखायचं. तरी आई ढकलायचीच. मग ती सगळ्यांत लहान पाटी शोधायची, आणि तिच्यातला निम्मा चिखल वाटेतच गळेल अशी कंबर हलवत चालायची. पाय चिखलात, पण पैंजण काढायचे नाहीत. एकदा एका म्हाताऱ्याने सांगितलं, “हिला रांगेत शेवटी उभी करा गो, हिच्या पाटीनं बांध नाय बांधायचा, हिच्या पाटीनं चूल सारवायची.” बयेला तो अपमान वाटला नाही. शेवटी उभं राहिलं की लवकर घरी जाता यायचं.

लग्नासाठी तिची एकच अट होती. पाणी गोड पाहिजे. मुलगा काळा चालेल, बुटका चालेल, पण विहिरीचं पाणी गोड पाहिजे आणि अंगणात पाय ठेवला तर घोट्यापर्यंत जाता कामा नये. असा मुलगा रोह्याशेजारी वरशाला मिळाला. भाताचं आणि वालाचं शेत, बाजूला कुंडलिका नदी, कोरडं खणखणीत अंगण. बया इतकी खूश झाली की पहिल्याच महिन्यात तिने माहेरचं बोलणं टाकून दिलं. ‘व्हय’चं ‘हो’ केलं, ‘नाय’चं ‘नाही’ केलं. माहेरी गेली की भावाला म्हणायची, “आमच्याकडे असलं काही नसतं.” भाऊ लहान होता तिच्याहून. तो ऐकून घ्यायचा आणि जाताना तिच्या पिशवीत खारातला, म्हणजे खाऱ्या शेतातला, लाल तांदूळ भरायचा. तो मात्र तिला चालायचा.

आता घरगाडीचं सांगते.

आमचे हे आयुष्यभर ड्रायव्हर. दुसऱ्यांच्या गाड्या चालवून निवृत्त झाले, तेव्हा वाटलं आता ओट्यावर बसतील. यांनी एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर आणला आणि नदीपलीकडच्या अष्टमी गावात एका गॅरेजमध्ये नेऊन त्याचं घर करायला घेतलं. पुलावरून रोज पलीकडे जायचे, जणू तिकडे दुसरी बायको ठेवलीय. पावसाळा संपेपर्यंत गाडीत फळ्यांचा पलंग आला, त्यावर फुलाफुलांची गादी, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, पडदे, आणि एका कोपऱ्यात ज्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत तेही. मुलगा बंगळूरहून फोनवर म्हणाला, “बाबा, याला कॅरॅव्हॅन म्हणतात.” शेजारीण म्हणाली घरगाडी. मी म्हटलं, “म्हातारपणी घरातून बाहेर पडायचं, तर घर घेऊनच? मग बाहेर पडलो कशाला?” पण खरं सांगायचं तर मला ती आवडली होती. माझे गुडघे गेलेत. ज्या घराला पाय नाहीत पण चाकं आहेत, ते माझ्या सोयीचंच.

भाऊ तोवर कॅम्पवाला झाला होता. नुसत्या भातावर चालेना आणि जमीन तर विकायची नव्हती, म्हणून त्याने शेताच्या कडेला बांधाला लागून थोडी जागा मुरूम टाकून उंच केली. तिथे चार तंबू, दोन संडास, एक नळ आणि बांबूला लटकवलेला दिवा. मुंबईची माणसं येतात, खाडीवरचे पक्षी बघतात, वहिनीच्या हातचं जेवतात. कॅम्पला जायला वाट एकच, बांधावरून. गाड्या गावात देवळापाशी लावायच्या आणि सामान डोक्यावर घेऊन चालत यायचं. मोठमोठ्या गाड्यांतले लोक कुरकुरत यायचे, भाऊ हात जोडून म्हणायचा, “साहेब, बांधावर चाक नाय.” एकालाही त्याने सोडलं नव्हतं.

दिवाळीला फोनवर बोलताना मी त्याला सांगितलं की पाडव्याला येतो आणि भाऊबीज करूनच जातो, तुझ्या कॅम्पवर घरगाडीत राहू.

तो म्हणाला, “ये ना गो बाय. देवळापाशी लावा गाडी, मी खुर्ची घेऊन येतो, तुला उचलून आणू.”

“म्हणजे माहेरच्या दारात मला पाहुण्यांसारखं लांब उतरवणार? आणि खुर्चीत बसवून मिरवणार? माझी वरात एकदा निघालीय, पुन्हा नको.”

तो हसला. मीही हसले. विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

पाडव्याच्या सकाळी नागोठणं, वडखळ करत आम्ही गावात शिरलो. भाऊ देवळापाशी उभा होता. खुर्ची नव्हती. त्याने गाडी बघितली, चाकं बघितली, मागे बांधाकडे बघितलं. मग हात वर करून यांना म्हणाला, “दाजी, घ्या सरळ. मी पुढे चालतो.”

हे म्हणाले, “अरे, बांधावरून?”

“बहीण हाय माझी. ती उतरायची नाय.”

आणि तो उलटा चालत निघाला, आमच्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी खुणावत. येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता, बांधाचा माथा अजून पुरता सुकला नव्हता. गाडी हळूहळू, बाळंतिणीसारखी चालत होती. मी खिडकीत बसले होते, एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला पिकून वाकलेलं भात. बांधाच्या टोकाला वहिनी उभी होती. तिने गाडी येताना बघितली, कपाळावर हात नेला, आणि मी उतरले तेव्हा फक्त, “या वन्सं,” म्हणाली.

तो दिवस चांगला गेला. गाडीसमोर खुर्च्या टाकून आम्ही चहा प्यालो. भाऊबिजेला कोण तंबूत राहायला येतंय, त्यामुळे कॅम्प रिकामा, सगळी खाडी आमचीच. यांनी भावाला गाडीतला प्रत्येक नळ दोनदा उघडून दाखवला. मी गादीवर पाय पसरून पडले आणि बयेला मनात म्हटलं, बघ, चिखलाच्या गावात येऊन पायाला चिखल न लागता झोपलीय.

भाऊबिजेच्या सकाळी वहिनीचा आवाज आला. ती ओरडली नव्हती. नुसतं, “अहो, इकडं या,” एवढंच. पण त्या गावात ते एवढंच कशासाठी म्हणतात ते मला ठाऊक आहे. मी काठी घेऊन निघाले.

बांधाची आतली बाजू ओली होती. वाटेवर जिथे आमची गाडी वळताना जरा रुतली होती, बरोबर त्याच्याखाली. मातीतून बारीक पाणी झिरपत होतं, घाम फुटावा तसं. रात्रीच्या भरतीने ते सुरू केलं होतं आणि दुपारी बिजेचं उधाण यायचं होतं. अवसेनंतरच्या बिजेला पाणी सगळ्यांत वर चढतं, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं.

हे घाईघाईने म्हणाले, “मी गाडी काढतो आधी. आत्ता ओहोटी आहे. हळूच नेतो.”

 भाऊ चाकोरीकडे बघत होता. वहिनीच बोलली. “दाजी, राग धरू नका. ती गाडी आता बांधावर नाय चढायची. चढली तर उधाणाची वाटसुद्धा बघावी लागणार नाय.”

“आणि बांध गेला तर गाडी?”

“तर गाडीबी जाईल,” वहिनी म्हणाली.

यांनी गाडीकडे बघितलं. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचे तिला. मग किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली, बटण लावलं आणि विचारलं, “फावडं कुठाय?”

भावाने डबा वाजवला. रॉकेलचा जुना डबा, बाबांच्या वेळचा. तो आवाज कानावर पडला आणि इतक्या वर्षांनी माझ्या पोटात दुखायला लागलं. एकेकाळी त्या आवाजाला घराघरांतून माणसं निघायची, बांध काळा व्हायचा माणसांनी. आता देवळाच्या बाजूने तिघे आले. दोघे भावाहून म्हातारे, आणि एक मिठागरात राबणारी बाई, जिचं या शेतात काही नव्हतं.

भाऊ फोन लावत होता, पलीकडून उत्तरं येत होती. “काका, सेकंड शिफ्ट हाय.” “काका, सासुरवाडीला आलोय, भाऊबीज ना.” “काका, संध्याकाळी चालंल काय?”

“ग्रुपवर टाका,” एक म्हातारा म्हणाला.

“टाकलं सकाळीच,” वहिनी म्हणाली. “अंगठे आलेत. हात नाय आले.”

आम्ही सात माणसं. त्यात मी, माझी काठी धरून. खाडीच्या बाजूने चिखल कापायचा, पाटीत भरायचा, हातोहात द्यायचा, वर पेंढा अंथरायचा, परत चिखल. मला रांगेत कुठे उभी करायची यावर कोणी चर्चा केली नाही. ओल्या जागेच्या सगळ्यांत जवळ, बसून, हाताने थापायचं काम मला मिळालं. चूल सारवल्यासारखं. तेव्हाचा तो म्हातारा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मिठागरवाली माझ्या हातांकडे बघत म्हणाली, “तुम्ही इथल्याच ना गो?”

“हो,” मी म्हटलं.

“दाबून थापा मग. मऊ हात नका लावू.”

सूर्य डोक्यावर येईपर्यंत पेंढा संपला. पोती संपली. भावाने एक तंबू उतरवून घडी करून दाबला, मग दुसरा, मग उरलेले दोन. पाणी खाडीतून वर चढत होतं, घाई न करता. हे एकाएकी गाडीकडे निघून गेले. मला वाटलं, किल्ली लावतायत. तर ते फुलाफुलांची गादी पाठीवर घेऊन आले. मग पलंगाच्या फळ्या आणल्या, एकेक करून. मग पडदे. अष्टमीच्या सुताराने रंधा मारून गुळगुळीत केलेल्या त्या फळ्या यांनी स्वतः चिखलात ठोकल्या. एकदा थांबून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “गादी तशीही तुला टोचत होती.”

“टोचत नव्हती,” मी म्हटलं. “चिखल द्या इकडे.”

दुपार कलायला लागली तेव्हा पाणी माथ्याला टेकलं. खाडीतून एक मालवाहू बार्ज गेला, लांबून, आपल्या वाटेने. त्याची लाट यायला वेळ लागला. आम्ही सगळे ती येताना बघत होतो. आली, बांधावर चढली, चाकोरीत उतरली, आणि तिथून नाल्यासारखी आत धावली. भाऊ त्या चाकोरीत आडवा झोपला. खरंच झोपला, अंगाने पाणी अडवायला, साठी उलटलेला माणूस. यांनी आणि एका म्हाताऱ्याने त्याला पाय धरून ओढला तेव्हा खालची माती निघून चालली होती. आवाज फार झाला नाही. आमची गादी वर आली, फुलं वरच्या बाजूला, आणि भातावरून तरंगत गेली.

मग तर काही करण्यासारखं नव्हतं. आम्ही मुरुमाच्या उंच जागेवर गेलो आणि उभे राहिलो. पाणी ओळीओळीने आत शिरत होतं. भात पिकलेलं, जड, लोंब्या पाण्यावर टेकायच्या, क्षणभर तरंगायच्या आणि खाली जायच्या. आठ दिवसांत कापायचं होतं. वहिनीने पदराने हात पुसले, परत परत पुसले. भावाने एकदाच म्हटलं, “तीन पावसाळे.” त्याचं वय त्यालाही ठाऊक, आम्हालाही.

पाणी मुरुमावर चढलं, गाडीची चाकं अर्धी बुडाली आणि थांबलं.

संध्याकाळी पाणी उतरायला लागलं तेव्हा गावातून माणसं आली. सकाळी ज्यांचे अंगठे आले होते तीच. या खेपेला हातही आले होते, जाळी घेऊन. खांड पडली की शेतात शिरलेला मासा ओहोटीला त्याच वाटेने बाहेर पडायला बघतो, तिथे जाळं लावलं की पाट्या भरतात. त्यांचं फार चुकलं असं नाही. ही रीतही जुनीच आहे. जाताना एकाने भावापुढे मान खाली घालून चांगले दोन मासे ठेवले.

वहिनीने ते गाडीतल्या शेगडीवर शिजवले, कारण कॅम्पची चूल विझली होती. पलंग नसलेल्या गाडीत आम्ही चौघं जमिनीवर बसलो. मी भावाला ओवाळलं. तेल नव्हतं, शेगडीच्या लायटरनेच ज्योत दाखवली. मी ताट बाजूला सारलं. भाऊ म्हणाला, “खा गो बाय. आपल्या शेताचं पीक हाय.”

मी खाल्लं. मासा ताजा होता, हे लिहायलाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सरकारच्या खारभूमी खात्याचा एक माणूस बघायला आला. बूट घालून बांधाच्या तुटक्या टोकाशी उभा राहिला आणि विचारलं, “कशाने गेला?”

“चिंबोऱ्यांनी,” भाऊ चिखलातल्या खेकड्यांकडे बोट दाखवत म्हणाला. “भोकं पाडतात ना आतून. पोखरला बांध.”

त्या माणसाने खांडीची रुंदी बघितली. “चिंबोऱ्यांनी एवढी?”

“मोठ्या होत्या.”

माणूस हसला आणि गेला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. आयुष्यभर जिचं तोंड कोणाला बंद करता आलं नाही, ती मी, गप्प. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. हे खिशातली किल्ली चाचपत होते. पुढे गावात ज्याने ज्याने विचारलं त्या प्रत्येकाला भावाने चिंबोऱ्याच सांगितल्या, आणि दर वेळी त्या थोड्या आणखी मोठ्या होत गेल्या.

घरगाडी तिथेच ठेवून आम्हाला निघावं लागलं. बांध तुटलेला, तिला बाहेर काढायला वाट नव्हती. आजही ती तिथेच आहे. चाकं गंजून जमिनीला चिकटलीत, आणि वहिनी म्हणते आत कोंबड्या राहतात, त्यांना नळ फार आवडतात.

आम्ही निघालो त्या दुपारी परत भरती होती. भावाने कोणाची तरी होडी मागून आणली आणि पाण्यातून थेट गाडीच्या पायरीला लावली. मी म्हटलं, “अरे, ओहोटी होऊ दे, मी चालत येईन.”

“कशाला? माहेरच्या दारातनं उतरून चालायचं नाय तुला,” तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. त्याने मला लहान मुलीसारखं दोन्ही काखांत हात घालून होडीत बसवलं. पिशवी रिकामी होती. लाल तांदूळ नव्हता.

होडी उरलेल्या बांधाला घासून गेली. माथ्यावरच्या मातीत दोन चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. देवळाकडून सरळ आलेल्या, वळणाशी जरा खोल गेलेल्या, आणि खांडीच्या कडेला येऊन संपलेल्या. आम्ही सगळ्यांनी बघितल्या. भावाने वल्हं थांबवलं नाही. तिकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “काय पोखरलाय गो बाय चिंबोऱ्यांनी.”

“व्हय,” मी म्हटलं.